बूथवर नागरिकत्व कोण तपासतं? एका निवृत्त केंद्राध्यक्ष बाईंचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी नागपूरला मानेवाड्याला राहतो. येत्या निवडणुकीत पहिल्यांदाच एका उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून बूथवर बसणार आहे. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, तुमच्याकडे आधार आणि अंगठा जुळल्याशिवाय मत देताच येत नाही, खुद्द ट्रम्पनी भारताचं उदाहरण दिलंय. हे खरं आहे का? बूथवर नागरिकत्व नेमकं कोण तपासतं? आणि रांगेतला कोणी मला बाहेरचा वाटला, तर एजंट म्हणून मी काय करायचं? ता. क. भाऊ आता अमेरिकेचा नागरिक झालाय, पण त्याचं नाव आमच्या यादीत अजून आहे आणि जुनं कार्डही घरात आहे. मतदानाच्या वेळी तो इथे असला तर त्याने मत दिलेलं चालेल ना?"

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात वजनदार भाग ता. क. मध्ये आहे. त्यावर शेवटी येते, आधी तुमच्या ड्युटीचं बोलू.

बूथवर नागरिकत्व कोणीही तपासत नाही. १९९९ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्र झालं, तेव्हा मी शाळेत नवीन होते आणि मतदान अधिकारी म्हणून पहिली ड्युटी लागली. पुढे केंद्राध्यक्ष झाले, मध्ये तीन वर्षं बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीची घरोघर पडताळणी करणारी अधिकारी म्हणून फिरले, आणि निवृत्तीच्या आधी नव्या लोकांच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं. इतक्या वर्षांत "तुम्ही भारताचे नागरिक आहात का" हा प्रश्न मी कोणत्याही टेबलावर विचारलेला नाही, कारण तो विचारायचं कामच आमच्याकडे दिलेलं नाही. केंद्राध्यक्षापुढे एकच प्रश्न असतो: यादीत अमुक अनुक्रमांकावर जे नाव आहे, तोच हा माणूस आहे का? हो असेल तर शाई लावा, सही घ्या, मत देऊ द्या. तो यादीत कसा आला, यायला हवा होता का, हा वाद बूथच्या दाराबाहेरच राहतो.

याचा आधार लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, आणि तो दोन कायद्यांत वाटला गेलाय म्हणून लोकांचा गोंधळ होतो. यादीत कोणाचं नाव येईल हे १९५० च्या कायद्यात. त्याच्या कलम १६ मध्ये पहिलीच अपात्रता लिहिली आहे, भारताचा नागरिक नसणं. मतदान कसं व्हायचं हे १९५१ च्या कायद्यात, आणि त्याचं कलम ६२ म्हणतं की ज्याचं नाव यादीत आहे त्याला मत देण्याचा हक्क आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, कलम १६ प्रमाणे अपात्र असलेल्याने मत देऊ नये असंही आहे. हे दुसरं वाक्य तुमच्या भावासाठी लक्षात ठेवा.

आता ट्रम्प यांचं. २५ मार्च २०२५ च्या त्यांच्या आदेशात, भारत मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीसाठ्याशी जोडतो आहे आणि अमेरिका मात्र नागरिकत्वाबाबत बहुतांशी मतदाराच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबते, अशा अर्थाचं वाक्य आहे. वाचून मला हसू आलं. आमच्या बूथवर बायोमेट्रिक म्हणजे जांभळ्या शाईचं स्टॅम्प पॅड, सही न येणाऱ्यांच्या अंगठ्यासाठी! २०२१ च्या दुरुस्तीने मतदार यादीसाठी आधार क्रमांक मागायची सोय झाली, त्यासाठी फॉर्म ६ब आहे, पण तो देणं ऐच्छिक. मतदानाच्या दिवशी आधारच्या सर्व्हरशी आमचा काही संबंध नसतो. आधार कार्ड दाखवलं तर त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, एवढंच बघतो. आणि गंमत म्हणजे मुळाशी गेलं तर दोन्हीकडे सहीच आहे. तिकडे १९९३ च्या नोंदणी कायद्याखालच्या फॉर्मवर मतदार "मी नागरिक आहे" असं सहीनिशी लिहून देतो. आपल्या फॉर्म ६ मध्येही तसंच प्रतिज्ञापन आहे: मी भारताचा नागरिक आहे, माझा जन्म अमुक गावात, अमुक जिल्ह्यात, अमुक राज्यात झाला. सोबत कागद लागतात ते वयाचे आणि पत्त्याचे. खोटं लिहिलं तर १९५० च्या कायद्याचं कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

तुम्ही ज्या खोलीत बसाल तिथे काय चालतं ते सांगते. पहिल्या टेबलावर मतदान अधिकारी क्रमांक एक असतो. त्याच्यापुढे यादीची चिन्हांकित प्रत. आम्ही तिला मार्क कॉपीच म्हणतो. मतदार आला की तो अनुक्रमांक शोधतो, ओळखीचा कागद बघतो आणि नाव मोठ्याने वाचतो. हे मोठ्याने वाचणं खास तुमच्यासाठी असतं. तुमच्याकडेही यादीची प्रत असते, नाव ऐकायचं, खूण करायची, आणि आक्षेप असेल तर तेव्हाच बोलायचं. शाई लागून बाई बाहेर पडल्यावर "अहो मॅडम, ती तर मेली होती" म्हणणारे एजंट मी पाहिले आहेत. त्याचा उपयोग शून्य. आणखी एक, मतदाराच्या हातातलं कार्ड घेऊन उलटंपालटं करणं हे तुमचं काम नाही. कागद अधिकारी बघतो, तुम्ही माणूस बघा. तुम्हाला तिथे बसवतात ते वस्तीतली माणसं तुम्ही ओळखता म्हणूनच.

कागदांचं म्हणाल तर निवडणूक ओळखपत्र, म्हणजे एपिक, हे पहिलं. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ साली ते सुरू झालं. कार्ड नसेल तर पर्यायी कागद. २०२४ च्या लोकसभेला आयोगाने असे १२ पर्याय दिले होते: आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो लावलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी नोकरीतलं ओळखपत्र, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड वगैरे. दर निवडणुकीला हा आदेश नव्याने निघतो, तेव्हा एजंटाने त्या वेळची यादी आधी वाचून यावी. रेशन कार्ड त्यात नव्हतं, तरी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणणारे लोक प्रत्येक वेळी येतातच. बीएलओ घरी आणून देतो ती मतदार चिठ्ठीसुद्धा ओळखीचा पुरावा नाही. पूर्वी फोटो छापलेली चिठ्ठी चालत असे, २०१९ च्या लोकसभेआधी आयोगाने ते बंद केलं. चिठ्ठी फक्त नाव पटकन सापडावं म्हणून.

यातला एकही कागद बूथवर नागरिकत्वासाठी बघितला जात नाही. पासपोर्टसुद्धा तिथे फोटो असलेला कागद म्हणूनच येतो. अपवाद परदेशात राहणाऱ्या भारतीय मतदारांचा. त्यांची नोंदणी फॉर्म ६अ ने होते आणि त्यांना बूथवर मूळ भारतीय पासपोर्टच दाखवावा लागतो, दुसरं काही चालत नाही.

आणि मग नावांचा घोळ. नागपुरात हा विषय एक अख्खा दिवस पुरेल. यादी मराठीत, कार्डावर मराठी-इंग्रजी, आधारवर इंग्रजीवरून उलटं आलेलं मराठी. खोब्रागडे खोबरागडे होतात, मेश्राम मेसराम होतात, उर्दू नावांचं तर काय होतं ते विचारूच नका. लग्न होऊन आलेल्या मुलीचं माहेरचं आडनाव यादीत आणि सासरचं आधारवर. नवीन मतदान अधिकारी अशा वेळी घाबरतो आणि परत पाठवायला निघतो. नियम उलट आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ स्पष्ट सांगतात की माणूस तोच आहे अशी खात्री पटली तर लेखनाच्या आणि छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करायचं. फोटो दुसऱ्याचाच छापला असेल आणि कार्डावरून ओळख पटत नसेल, तर पर्यायी कागद मागायचा. दुसऱ्या मतदारसंघातलं जुनं एपिक घेऊन कोणी आला तरी हरकत नाही, फक्त नाव या बूथच्या यादीत हवं. उलट कार्ड चकचकीत नवं आहे पण नाव यादीत नाही, तर मत नाही. दर निवडणुकीला सगळ्यात जास्त भांडणं मी याच एका गोष्टीवरून पाहिली. कार्ड म्हणजे हक्क असं लोक समजून बसले आहेत.

एक आजी आठवतात. फोटोत तिशीच्या, समोर ऐंशीच्या. आमच्या अधिकाऱ्याने खात्रीसाठी विचारलं, "आजी, मालकाचं नाव सांगा." आजी गप्प. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "मी काऊन घेऊ त्याहीचं नाव? तुमच्या कागदावर लिवलं हाय ना जी, वाचा." रांग थांबली. शेवटी समोरासमोर बसलेल्या दोन पक्षांच्या एजंटांनी एकाच वेळी आजोबांचं नाव सांगितलं. दिवसभरात त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

मोमिनपुऱ्यासारख्या वस्तीत बुरख्यातल्या बायकांचा प्रश्न येतो आणि बाहेरचे एजंट तिथे विनाकारण आवाज चढवतात. त्याची पद्धत ठरलेली आहे. अशा बूथवर महिला मतदान अधिकारी देतात, आडोसा करतात, ती बाई आत चेहरा बघते, कागदाशी जुळवते, शाई लावते. मी स्वतः हे काम दोनदा केलंय. एका मतदाराला दीड मिनिट लागतं. पुरुष एजंटाने "मला दिसलं पाहिजे" म्हणायचं नाही. शंका असेल तर केंद्राध्यक्षाला सांगायची, महिला अधिकारी पुन्हा बघेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, शंका आली तर काय करायचं. नियम ४९ञ प्रमाणे एजंट मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. आम्ही त्याला चॅलेंज वोट म्हणतो, कागदोपत्री आक्षेपित मत. प्रत्येक आक्षेपासाठी दोन रुपये रोख केंद्राध्यक्षाकडे जमा करायचे. १९६१ च्या नियमांतले दोन रुपये अजून दोनच आहेत, सीताबर्डीवर त्यात आता कटिंग चहाही येत नाही. पैसे घेतले की केंद्राध्यक्ष समोरच्या माणसाला तोतयेगिरीच्या शिक्षेची जाणीव करून देतो, यादीतली नोंद पूर्ण वाचून "हे तुम्हीच ना" असं विचारतो, नमुना १४ मध्ये त्याचं नाव-पत्ता लिहून सही घेतो. मग छोटी चौकशी. आधी पुरावा द्यायचा तो आक्षेप घेणाऱ्याने, ही गोष्ट निम्म्या एजंटांना माहीत नसते. "तो नाहीच, मला माहितेय" हा पुरावा होत नाही. खरा माणूस पुण्याला आहे म्हणता, तर ते दाखवणारं काहीतरी हवं, निदान त्याला ओळखणारा शेजारी हवा. केंद्राध्यक्ष दोघांनाही शपथेवर प्रश्न विचारू शकतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार मत देतो. सिद्ध झाला तर त्याला रोखतात आणि लेखी तक्रारीसह पोलिसांकडे देतात; तोतयेगिरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७२ आणि १७४ खाली येतो. आक्षेप उगाच, त्रास द्यायला घेतला असं दिसलं तर दोन रुपये सरकारजमा.

या सगळ्यात शब्द "ओळख" आहे हे बघा. माझ्या बूथवर एकदा एका तरुण एजंटाने एका बाईंवर आक्षेप घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्या रांगेत फोनवर बंगालीत बोलत होत्या." मी म्हटलं, त्या यादीतल्या त्याच बाई नाहीत असं तुझं म्हणणं आहे का? तो म्हणाला, नाही, त्या त्याच आहेत, पण बांगलादेशी असतील. मी दोन रुपये परत त्याच्या हातात दिले आणि नमुना १४ उघडलाच नाही, कारण तो ओळखीवरचा आक्षेपच नव्हता. बाईंनी सगळं ऐकलं होतं. शांतपणे म्हणाल्या, "माझे आजेसासरे बीएनआरमध्ये होते." आता या मुलाला बीएनआर काय ते कुठून कळणार! बंगाल नागपूर रेल्वे, १८८७ साली निघालेली कंपनी. तिच्यासोबत बंगाली कारकून आले, वकील-डॉक्टर आले, धंतोलीत पिढ्यान् पिढ्या राहिले. तिथली दुर्गापूजा या मुलाच्या आजोबांनीही पाहिली असणार. तिकडे गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना खुद्द सरकारने वसवलं, त्यांची नातवंडं आता शिकायला नागपुरात असतात. भाषेवरून नागरिकत्व ठरवायला बसलात तर या शहरात निम्मी रांग परत पाठवावी लागेल. तेव्हा असला आक्षेप घेऊ नका. केंद्राध्यक्ष कच्चा असला तर तो गडबडेल, रांग तुंबेल आणि त्रास खऱ्या मतदाराला होईल.

एजंटाने खरी नजर कुठे ठेवायची? एएसडी यादीवर. गैरहजर, स्थलांतरित, मयत आणि दुबार अशा नावांची ही यादी बीएलओच्या पाहणीतून बनते आणि केंद्राध्यक्षाकडे असते. त्यातला माणूस आला तर त्याला नकार द्यायचा नसतो, पण कागद केंद्राध्यक्षाने स्वतः बघायचा, मतदार नोंदवहीत सहीसोबत अंगठाही घ्यायचा. बहुतेक तोतयेगिरी या नावांवर होते, कारण मेलेल्या माणसाचं मत चोरलं तर तक्रार करायला तो येत नाही. गल्लीतलं कोण वारलं, कोण फ्लॅट घेऊन बेसा-पिपळ्याकडे गेलं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आदल्या रात्री यादी घेऊन घरच्यांसोबत बसा, आई-काकूंना विचारा. त्या तासाभरात जे कळेल ते दिवसभर लोकांचे चेहरे न्याहाळून कळणार नाही. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या निवडणुकीला राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते, तोही याच कामाचा भाग.

आणि तुमच्या मतदाराच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर? त्याला रडत परत पाठवू नका. तो खरा आहे हे कागदाने आणि उत्तरांनी पटलं तर त्याला टेंडर वोट, म्हणजे प्रदत्त मत देता येतं. प्रत्येक बूथवर त्यासाठी कागदी मतपत्रिका असतात. तो शिक्का मारतो, मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते, नाव नमुना १७ख मध्ये. हे मत मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत, म्हणून बरेच केंद्राध्यक्षही कशाला कटकट म्हणून टाळतात. पण २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि प्रदत्त मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पाकिटात काही ठेवलेलं होतं म्हणून भांडता आलं.

मग नागरिकत्वाचा आक्षेप घ्यायचा तरी कुठे? यादीवर, आणि मतदानाच्या कितीतरी आधी. यादीतल्या नावावर हरकत असलेला त्याच मतदारसंघातला मतदार फॉर्म ७ भरतो, मतदार नोंदणी अधिकारी समोरच्याला नोटीस देतो, म्हणणं ऐकतो, मग लेखी निर्णय. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, मग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख संपली की निवडणूक होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही की काढता येत नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता एखाद्याचं नागरिकत्व आठवणं म्हणजे पेपर संपल्यावर पुरवणी मागण्यासारखं आहे. फॉर्म ७ मध्ये खोटं लिहिणाऱ्यालाही तेच कलम ३१ लागतं, हेही ध्यानात ठेवा. कोणीतरी आणून दिलेल्या गठ्ठ्यावर सह्या करून बसलेली चांगली पोरं मी पाहिली आहेत.

या बाबतीत १९९५ चा लालबाबू हुसेन खटला आम्हाला प्रशिक्षणात सांगत. मुंबई आणि दिल्लीत हजारो लोकांना तुम्ही नागरिक नाही अशा संशयाने नोटिसा गेल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाव आधीपासून यादीत असेल तर ते पडताळणी होऊनच आलं असं आधी धरा, काढायचं असेल तर कारण सांगा, पुरेशी संधी द्या, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरू नका.

बीएलओ म्हणून फिरताना हा विषय किती बारीक आहे ते मला कळलं. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेली सिंधी घरं आहेत, ती तर केव्हाची मतदार. पण त्याच गल्ल्यांत पाकिस्तानातून अलीकडे लाँग टर्म व्हिसावर आलेली कुटुंबंही राहतात. सरकारच्या परवानगीनेच त्यांच्याकडे आधार असतं, पॅन असतं, लायसन्स असतं, बँक खातं असतं. दुकान चालतं, मुलं शाळेत. पण नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मत नाही. मी एका घरी गेले तर तिथल्या काकूंनी आधार पुढे केलं, "घ्या, लिहा." प्रमाणपत्राचं विचारल्यावर चेहरा पडला. बारा वर्षं झाली होती. चहा पाजला तरी त्यांनी. आधार कायद्यातच कलम ९ मध्ये लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, पण हे वाक्य जरीपटक्याइतकं नागपुरात कोणालाच पाठ नसेल.

उलट उदाहरण तिबेटी लोकांचं. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येतात ते आपण सगळे बघतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. आपण त्यांना पाहुणे समजतो. पण नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय, आईवडील कुठलेही असोत. २०१४ मध्ये आयोगाने अशा तिबेटींची नावं यादीत घ्यायला सांगितलं. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला दोघे, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. एकाच घरात थोरली बहीण नागरिक आणि धाकटा भाऊ नाही, असं होऊ शकतं. हे गणित बूथवर, मागे दोनशे माणसांची रांग असताना, कोण सोडवणार?

बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं तेव्हा याच तारखांप्रमाणे लोकांकडून कागद मागितले गेले. आधी ११ कागदांची यादी होती आणि आधार त्यात नव्हतं. ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने आधार बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नव्हे. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. त्यातले मयत, स्थलांतरित, दुबार किती आणि कागद न मिळाल्याने राहिलेले किती, यावर पुष्कळ भांडण झालं. माझं मत विचाराल तर पडताळणी यादीपाशीच व्हावी हे बरोबर, पण तिला वेळ हवा. बीएलओ म्हणजे शाळा सांभाळून फिरणारी अंगणवाडी सेविका किंवा मास्तर असतो. एका घराला तीन चकरा माराव्या लागतात, मजुरीवर गेलेली माणसं रात्री आठलाच भेटतात. ज्या बाईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि जन्म घरात झाला, तिच्याकडे जन्माचा दाखला नसतो, आणि ती माझ्या-तुमच्याइतकीच इथली असते.

आता ता. क. तुमचा भाऊ अमेरिकेचा नागरिक ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं. त्यासाठी इथे कोणी आदेश काढावा लागत नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असेल तर त्याला व्हिसा लागत नाही, पण मताचा हक्क त्यात नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. तो आला, जुनं एपिक दाखवलं, तर आमचा मतदान अधिकारी त्याला अडवणार नाही. फोटो जुळेल, नाव जुळेल, शाई लागेल. अडवायला कारण दिसणारच नाही, कारण माणूस खरोखर तोच आहे. आणि तरीही ते मत बेकायदा. सुरुवातीला कलम ६२ चं दुसरं वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

रांगेत बाहेरचा माणूस शोधायला निघालेले लोक बंगाली बोलणाऱ्या बाईकडे बघतात, स्वेटरवाल्याकडे बघतात. माझ्या अनुभवात यादीत नाव असलेले परदेशी नागरिक जास्त भेटले ते धरमपेठ, प्रतापनगर, लक्ष्मीनगरच्या बंगल्यांत. आई-वडील दोघंच घरी, भिंतीवर नातवंडांचे बर्फातले फोटो, आणि मी विचारलं की उत्तर ठरलेलं: "राहू द्या ना मॅडम त्याचं नाव, येतो तो दर दिवाळीला." मी नोंद करायचे, ते नाराज व्हायचे. एका काकांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

तेव्हा एजंट म्हणून बसायच्या आधी हे घरचं काम करा. भावाला फोन करा, स्वतःचं नाव वगळण्यासाठी त्याला फॉर्म ७ भरायला सांगा. ऑनलाइन होतो, किंवा तुमच्या बीएलओकडे द्या. उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या आत करा. जुनं कार्डही घरात ठेवू नका, बीएलओला देऊन टाका. मामी रागावतील थोड्या दिवसांसाठी.